कात्री कुणाच्या हातात? तिंतो ब्रासची कारकीर्द समजून घेताना

'कॅलिग्युला' हा १९७९ सालचा चित्रपट कधी समोर आला, तर त्याची श्रेयनामावली जरा थांबून वाचा. रोमच्या सम्राटाची गोष्ट, माल्कम मॅकडॉवेल, हेलन मिरेन, पीटर ओटूल, जॉन गिलगुड असे नट आणि त्या काळात एक कोटी ७५ लाख डॉलरचा खर्च. एवढ्या मोठ्या चित्रपटाच्या पाट्या मात्र चमत्कारिक आहेत. लेखनाच्या ठिकाणी 'गोर व्हिडाल यांच्या मूळ पटकथेवरून रूपांतर' असं आहे, पण रूपांतर कुणी केलं ते नाही. संकलनाच्या ठिकाणी माणसाचं नावच नाही, ते काम 'निर्मितीसंस्थेनं' केलं आहे. आणि जिथे दिग्दर्शकाचं नाव यायला हवं तिथे आहे 'मुख्य चित्रीकरण : तिंतो ब्रास'. दिग्दर्शन हा शब्द नाही.

म्हणजे चित्रपट एकानं टिपला, दुसऱ्या कुणी जोडला आणि तो कुणाचा हे कुठेच लिहिलेलं नाही. हे असं का झालं ते कळलं की ब्रासची बाकीची कारकीर्दही बरीचशी उलगडते.

आपल्याकडे तिंतो ब्रास हे नाव बहुतेकांना 'इटालियन कामुक चित्रपटांचा दिग्दर्शक' एवढंच ठाऊक असतं, आणि ते घेताना आवाज आपोआप खाली जातो. ती ओळख खोटी नाही. १९८३ पासून पुढे त्यानं जवळजवळ तसेच चित्रपट केले. पण त्याआधी वीस वर्षं तो राजकीय, प्रयोगशील, कुणाचं ऐकून न घेणारा दिग्दर्शक होता, आणि ही दोन माणसं वेगळी नाहीत. दोघांना जोडणारा धागा मला दिसतो तो संकलनाच्या टेबलावर. मराठीत संकलक कापतो ती कात्री आणि सेन्सॉर लावतो तीही कात्रीच. ब्रासचं आयुष्य या दोन कात्र्यांच्या झटापटीत गेलं. तिसरी एक होती, पैसे घालणाऱ्याची. ती सगळ्यांत धारदार निघाली.

रंगाऱ्याचं पोर

खरं नाव जोवान्नी ब्रास. जन्म २६ मार्च १९३३ चा, मिलान शहरातला, पण घराणं व्हेनिसचं. आजोबा इतालिको ब्रास हे नावाजलेले चित्रकार. चित्रांच्या नादी लागलेल्या नातवाला ते लाडानं 'तिंतोरेत्तो' म्हणायचे. तिंतोरेत्तो हा सोळाव्या शतकातला व्हेनिसचा थोर चित्रकार. त्याचे वडील कापड रंगवण्याचा धंदा करत, म्हणून त्यालाही हे टोपणनावच चिकटलं होतं. त्याचा अर्थ साधारण 'रंगाऱ्याचं पोर'. नातवाच्या वाट्याला त्यातलं 'तिंतो' आलं आणि जन्मभर राहिलं.

घरच्या रिवाजाप्रमाणे त्यानं कायद्याची पदवी घेतली आणि मग पॅरिस गाठलं. १९५० च्या दशकाच्या शेवटी तो सिनेमातेक फ्रान्सेजमध्ये, म्हणजे आंरी लांग्ल्वा यांनी जिवापाड जपलेल्या चित्रपट-संग्रहालयात काम करत होता. जुनी रिळं तपासायची, त्यांच्या नोंदी ठेवायच्या, ती पुन्हा पुन्हा पाहायची. फ्रान्सच्या नव्या लाटेचे दिग्दर्शक ज्या अंधाऱ्या खोलीत बसून घडले, त्याच खोलीत हा इटालियन तरुणही बसला होता. फरक इतकाच की चित्रपट हा हातात धरण्याचा, उजेडासमोर नेऊन पाहण्याचा पदार्थ आहे हे त्याला नोकरीमुळेच रोज दिसत होतं.

इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी १९५७ मध्ये भारतातलं चित्रीकरण आटोपून पॅरिसला आले. (त्यांच्या मुंबईतल्या मुक्कामावरून आणि सोनाली दासगुप्ता प्रकरणावरून आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत केवढा गदारोळ उठला होता, ते जुन्या वाचकांना आठवत असेल.) पुढे ब्रासनं त्यांच्या हाताखाली १९५९ च्या 'जनराल देल्ला रोव्हेरे'साठी सहायक म्हणून काम केलं. डच माहितीपटकार योरिस इव्हेन्स यांच्याबरोबरचं काम मात्र त्याला जास्त काही शिकवून गेलं असावं. १९६० सालच्या त्या माहितीपटाचं नाव होतं 'इटली हा गरीब देश नाही'. इटलीत सापडलेल्या नैसर्गिक वायूची आणि त्यातून येणाऱ्या समृद्धीची ती गोष्ट होती. पण इव्हेन्सनी दक्षिणेतलं दारिद्र्यही टिपलं, आणि सरकारी दूरचित्रवाणीनं ते कापलं. दुसऱ्याच्या कात्रीनं चित्रपटाचा अर्थ कसा बदलतो, हे ब्रासनं स्वतःचा पहिला चित्रपट काढण्याआधी जवळून पाहिलं.

पहिलाच चित्रपट आणि पहिलीच कात्री

१९६३ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा पहिला चित्रपट दाखवला गेला. नावाचा अर्थ लावायचा तर 'जो कामाला लागला तो बुडाला'. बोनिफाचो नावाचा एक तरुण व्हेनिसमध्ये दिवसभर भटकतो. त्याला नोकरी मिळू शकते, ती धरावी की नाही एवढाच प्रश्न. त्या एका दिवसात त्याच्या डोक्यात सगळं येऊन जातं: सुटलेली मैत्रीण, फॅसिस्टांशी लढलेले आणि आता खचलेले कम्युनिस्ट मित्र, चर्च, सैन्यातले दिवस. गोष्ट सरळ पुढे जातच नाही, आठवणीसारखी उड्या मारते.

या चित्रपटाचं आधीचं नाव वेगळं होतं, 'जगाच्या टोकाला'. सेन्सॉर मंडळानं तो अडवला आणि पुन्हा करून आणा असं सांगितलं. पुढची हकिकत ब्रास स्वतः सांगत आला आहे: त्यानं एकही फ्रेम न बदलता फक्त नाव बदललं आणि तोच चित्रपट पुन्हा सादर केला.

हा चित्रपट काही अंगप्रदर्शनाचा नव्हता. मंडळाला खुपलं ते त्यातलं देश, धर्म, सैन्य आणि कुटुंब यांच्याबद्दलचं बोलणं. ब्रासचं सेन्सॉरशी भांडण जुंपलं ते कामुकतेवरून नाही. ते विचारावरून जुंपलं, आणि शरीर त्या भांडणात नंतर आलं.

इथे इटलीची तेव्हाची व्यवस्था समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. एप्रिल १९६२ मध्ये तिथे सेन्सॉरचा नवा कायदा झाला. चित्रपट प्रदर्शित करायचा तर मंत्रालयाच्या समितीकडून 'हरकत नाही' असा दाखला घ्यायचा. समिती तो सगळ्यांसाठी देऊ शकते, १४ वर्षांखालच्यांना बंदी घालून देऊ शकते, १८ वर्षांखालच्यांना बंदी घालून देऊ शकते किंवा सपशेल नाकारू शकते. इथपर्यंत आपल्या 'यू' आणि 'ए' प्रमाणपत्रांसारखंच वाटेल. खरी मेख पुढे आहे. दाखला हातात असला तरी देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला एखादा सरकारी वकील किंवा न्यायाधीश 'हा चित्रपट अश्लील आहे' म्हणून तो जप्त करू शकत असे. तिथल्या दंडसंहितेच्या ५२९ व्या कलमात अश्लील म्हणजे काय ते सांगितलं आहे: सर्वसाधारण लज्जेच्या भावनेला जे धक्का देतं ते. आणि त्याच कलमात पुढे सूट आहे की कलाकृती किंवा शास्त्रीय कृती अश्लील धरली जाणार नाही.

म्हणजे सगळा खटला एका प्रश्नावर येऊन थांबायचा: ही कला आहे का? आणि ते ठरवणार न्यायाधीश. याचा सर्वांत जहाल नमुना बेर्तोलुचीचा 'लास्ट टँगो इन पॅरिस'. १९७६ च्या जानेवारीत इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या प्रती नष्ट करण्याचा निकाल कायम केला आणि दिग्दर्शकाचा मतदानाचा हक्क पाच वर्षांसाठी गेला. त्या चित्रपटाची सुटका व्हायला १९८७ उजाडलं. अशा वातावरणात इटालियन दिग्दर्शक काम करत होते, ब्रासही.

टेबलावरचं काम

साठच्या दशकात ब्रासनं जे केलं ते पाहून दम लागतो. १९६४ मध्ये विसाव्या शतकातल्या क्रांत्यांचा जुन्या फितींतून जोडलेला माहितीपट. त्याच वर्षी उडत्या तबकडीवरची विनोदी फिल्म, तिच्यात आल्बेर्तो सोर्दी चार भूमिकांत. १९६६ मध्ये एक वेस्टर्न. १९६७ मध्ये लंडनमधलं खूननाट्य, ज्याचे चित्रचौकटींचे आराखडे गुइदो क्रेपाक्स या चित्रकथाकारानं काढले. मग लंडनमध्ये भटकणाऱ्या एका विवाहित तरुणीच्या मनातला गोंधळ दाखवणारा 'नेरोसुब्यांको', म्हणजे 'पांढऱ्यावर काळं'. त्यात संवादांपेक्षा 'फ्रीडम' या रॉक बँडची गाणीच जास्त बोलतात. मग 'लुर्लो', 'किंकाळी'. १९६८ च्या युरोपातल्या विद्यार्थ्यांच्या बंडखोरीचा अंगार असलेला हा चित्रपट इटलीतल्या प्रेक्षकांपर्यंत पोचायला वर्षं गेली. व्हॅनेसा रेडग्रेव्ह आणि फ्रांको नेरो यांना घेऊन केलेल्या दोन चित्रपटांपैकी 'ला व्हाकान्झा' म्हणजे 'सुट्टी' याला १९७१ च्या व्हेनिस महोत्सवात समीक्षकांनी सर्वोत्तम इटालियन चित्रपट म्हणून गौरवलं. वेड्यांच्या इस्पितळातून थोड्या दिवसांसाठी बाहेर सोडलेल्या बाईची ती गोष्ट. बाहेरचं जगच तिला जास्त वेडं भेटतं.

या चित्रपटांत एक गोष्ट कायम आहे. जवळजवळ सगळ्यांचा संकलक तो स्वतः आहे. दिग्दर्शकानं स्वतःच कात्री धरणं हे तेव्हाही सर्रास नव्हतं. म्हणून तो काम कसं करायचा ते थोडं सविस्तर सांगतो.

साधारणपणे एखादा प्रसंग एका कॅमेऱ्यानं तुकड्यातुकड्यानं टिपतात. आधी लांबून सगळी खोली, मग नट पुन्हा तेच बोलतो आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर, मग पुन्हा तेच आणि कॅमेरा समोरच्यावर. ब्रासची रीत वेगळी. तो एकाच वेळी दोन-तीन कॅमेरे लावायचा आणि नटांना प्रसंग सलग करू द्यायचा. एक कॅमेरा दारातून, एक आरशातून, एक लांब भिंगानं एखाद्या हाताच्या मागे. नटाला तो कुठे 'कापला' जाणार आहे हे ठाऊक नसे. शिवाय त्या काळी इटलीत आवाज जागेवर घेतच नसत, तो नंतर ध्वनिमुद्रणगृहात भरत. त्यामुळे आवाज तुटेल म्हणून चित्र कापायला अडावं लागत नसे.

मग तो टेबलाशी बसायचा. ३५ मिलिमीटरची फीत, सेकंदाला २४ चौकटी. समजा बाई आरशासमोर उभी आहे आणि मागे दार उघडतं. ही क्षणभराची घटना तीन फितींवर तीन वेगळ्या कोनांतून आहे. तो फीत जोडयंत्राच्या दातांवर बसवतो, पात्याखाली धरतो, दाबतो, पारदर्शक चिकटपट्टीनं पुढच्या तुकड्याला जोडतो आणि पुन्हा चालवून पाहतो. दार आधी दाखवलं तर भीती वाटते. बाईचे डोळे आधी दाखवले तर तिला दार उघडणार हे माहीत होतं असं वाटतं. सहा चौकटी इकडच्या तिकडे झाल्या की बाई सावज होते किंवा तीच खेळ मांडणारी होते. नट तेच, अभिनय तोच, संवाद तोच.

हे डोळ्यांसमोर असलं की 'संकलन माझं' या त्याच्या हट्टाचा अर्थ कळतो. त्याच्या दृष्टीनं चित्रीकरण म्हणजे बाजारातून भाजी आणणं, आणि स्वयंपाक टेबलावर.

ज्याचं त्याला मिळालं नाही

१९७६ मध्ये 'सालोन किटी' आला आणि ब्रासची वाट वळली. बर्लिनमधला एक कुंटणखाना नाझी गुप्तचर ताब्यात घेतात, तिथे आपल्या निवडलेल्या मुली ठेवतात आणि भिंतींत मायक्रोफोन लपवून आपल्याच अधिकाऱ्यांची गुपितं ऐकतात. युद्धकाळातल्या खऱ्या प्रकरणावर हे बेतलं होतं. नेपथ्य केन ॲडम यांचं, जेम्स बाँडच्या गाजलेल्या चित्रपटांची भव्य दालनं उभी करणारे तेच. हेल्मुट बर्गर आणि इंग्रिड थुलिन प्रमुख भूमिकांत. शरीर आणि सत्ता यांचं नातं ब्रासला इथे सापडलं: हुकूमशाही माणसाच्या अंथरुणापर्यंत कशी पोचते. चित्रपट उघडावाघडा आहे, काही ठिकाणी मला तो किळसवाणाही वाटतो. पण त्याला काहीतरी म्हणायचं आहे हे नाकारता येत नाही.

त्याच सुमारास 'पेंटहाउस' मासिकाचे मालक बॉब गुच्चोने यांना रोमन सम्राटावर भव्य चित्रपट काढायचा होता. गोर व्हिडाल यांच्यासारखा मातब्बर लेखक पटकथेला, आणि दिग्दर्शनासाठी त्यांनी ब्रासला निवडलं. सुरुवातीलाच तिघांच्या डोक्यात तीन वेगळे चित्रपट होते. व्हिडाल यांना सत्तेनं बिघडलेल्या माणसाची गोष्ट हवी होती. ब्रासला सत्ता हीच मुळात वेडी असते असा एक भडक, विद्रूप तमाशा हवा होता. गुच्चोनेंना आपल्या मासिकाचे वाचक तिकीट काढतील असं काहीतरी हवं होतं. व्हिडाल आणि ब्रास यांचं लवकरच फाटलं. सम्राटाची बहीण द्रुसिला हिच्या भूमिकेसाठी घेतलेली मारिया श्नायडर निघून गेली आणि तिच्या जागी तेरेसा ॲन सव्हॉय आली.

१९७६ मध्ये रोममध्ये चित्रीकरण झालं. ब्रास संकलनाला बसला आणि ते पुरं होण्याआधीच त्याला बाजूला करण्यात आलं. गुच्चोनेंनी जानकार्लो लुई यांच्यासोबत ब्रासच्या अनुपस्थितीत आणखी दृश्यं चित्रित केली. ती अभिनित नव्हती, प्रत्यक्ष संभोगाची होती. मग ती चित्रपटात घुसवली आणि बाकीचं आपल्या मर्जीनं जोडलं.

कामुक चित्रपट आणि पोर्नोग्राफी यांतला फरक अनेकदा 'किती दाखवलं' यावर मोजला जातो. 'कॅलिग्युला' हे त्याचं फार स्पष्ट उदाहरण आहे की फरक तिथे नसतो. ब्रासनं टिपलेल्या भागातही नग्नता ओसंडून वाहते, तो काही सोवळा नव्हता. पण त्याची नग्नता प्रसंगात गुंतलेली आहे: कोण कुणाला बघतंय, कोण हुकूम सोडतंय, कोण घाबरलंय. घुसवलेली दृश्यं कुणाचीच नाहीत. तिथे गोष्ट थांबते, पात्रं गायब होतात आणि ते संपलं की गोष्ट पुन्हा सुरू होते. हा सांधा नुसत्या डोळ्यांना दिसतो.

आता कायद्याचं कोडं. इटलीच्या १९४१ च्या लेखनहक्क कायद्याप्रमाणे चित्रपटाचे कर्ते चार: कथाकार, पटकथाकार, संगीतकार आणि दिग्दर्शक. कर्त्याला एक नैतिक हक्क असतो, म्हणजे आपल्या कृतीची मोडतोड झाली तर विरोध करण्याचा हक्क. पण चित्रपट बाजारात आणून पैसे मिळवण्याचा हक्क निर्मात्याकडे. या दोन हक्कांच्या मधल्या फटीत 'कॅलिग्युला' अडकला. ब्रास कोर्टात गेला. त्याला चित्रपट परत मिळाला नाही. मिळालं ते एवढंच की पाटीवर तो दिग्दर्शक म्हणून आला नाही, फक्त 'मुख्य चित्रीकरण' उरलं. चित्रपट नोव्हेंबर १९७९ मध्ये रोममध्ये लागला आणि लगेच अश्लीलतेवरून जप्तही झाला. निर्मात्याची कात्री आधी चालून गेली होती, कायद्याची मागून आली.

किल्ली

यानंतर ब्रासनं काय केलं ते समजायला त्या वर्षांतली इटली पाहावी लागते. १९७६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं खासगी स्थानिक दूरचित्रवाहिन्यांना वाट मोकळी करून दिली. घरबसल्या फुकट चित्रपट मिळू लागले. १९७५ मध्ये देशभरात वर्षाला ५० कोटींहून जास्त तिकिटं खपत होती, १९८५ मध्ये तो आकडा १२ कोटींच्या आसपास आला. चित्रपटगृहं पटापट बंद पडली. लोकांनी घर सोडून तिकीट काढावं असं काय दाखवायचं? टीव्हीवर जे दाखवता येत नाही ते. ब्रासचं पुढचं वळण केवळ हौसेचं नव्हतं, त्यामागे हा कोसळलेला बाजारही होता.

१९८३ मध्ये 'ला क्याव्हे' आला, म्हणजे 'किल्ली'. जपानी लेखक जुनिचिरो तानिझाकी यांच्या १९५६ च्या कादंबरीवर तो बेतलेला आहे. तिच्यावर कोन इचिकावा यांनी १९५९ मध्ये जपानीत चित्रपट केलाच होता. ब्रासनं ती गोष्ट उचलून १९४० च्या व्हेनिसमध्ये नेऊन ठेवली. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत नीट बांधलेला चित्रपट.

एक उतारवयाचा इंग्रज कलाभ्यासक, आणि त्याची त्याच्याहून बरीच तरुण बायको तेरेसा. लग्नाला वीस वर्षं होत आलेली. दिवा लावला तरी ती लाजते, आणि नवरा जे बोलू शकत नाही ते डायरीत लिहितो. एक दिवस तो डायरीच्या खणाची किल्ली तिला दिसेल अशी टाकून ठेवतो. ती किल्ली बघते. उचलू की नको, अशी घुटमळते. मग खण उघडते आणि वाचते. पुढे तीही डायरी लिहू लागते, आणि नवरा ती वाचणार हे तिला माहीत असतं. तोंडावर दोघं काहीच बोलत नाहीत. एकाच घरात दोन माणसं एकमेकांना वाचतात आणि वाचलं नसल्यासारखं जेवायला बसतात. या खेळात त्यांच्या मुलीचा होणारा नवराही ओढला जातो.

बाहेर भिंतींवर मुसोलिनीच्या घोषणा आहेत, फॅसिस्टांचे काळे शर्ट आहेत, सक्तीचा जयजयकार आहे. घरातला नवरा मरतो आणि त्याची अंत्ययात्रा कालव्यातून निघते तेव्हा इटली युद्धात उतरल्याची घोषणा भोंग्यांवरून ऐकू येते. तारीख १० जून १९४०. मोकळेपणा शोधणारं एक बंद घर आणि मरणाकडे निघालेला एक देश ब्रासनं एका चौकटीत धरले आहेत. संगीत एन्यो मोरिकोने यांचं आहे.

तेरेसाची भूमिका स्तेफानिया सांद्रेल्लीनं केली. ती काही नवखी नव्हती. पिएत्रो जेर्मी, बेर्तोलुची, एत्तोरे स्कोला यांच्या चित्रपटांत नाव कमावलेली, सदतीस वर्षांची नटी. त्या वयाच्या, शरीरानं भरलेल्या, संसारी बाईची इच्छा हा चित्रपटाचा विषय होऊ शकतो हे तेव्हाच्या पडद्याला नवं होतं. चित्रपटावरून वाद झडला, आणि थिएटरंही भरली. तेरेसाचा चेहरा किल्ली पाहतो तो क्षण ब्रासनं जसा ताणला आहे तो बघावा: आरसा, हात, पुन्हा आरसा. हे काम संकलकाचं आहे.

मग तेच ते

'किल्ली'च्या यशानं ब्रासला हवं ते करायची मुभा दिली, आणि मला वाटतं, तिथेच त्याचं नुकसान झालं. १९८५ चा 'मिरांडा' गोल्दोनीच्या अठराव्या शतकातल्या खाणावळवालीच्या नाटकावरून सुचलेला. त्यात जीव आहे, सेरेना ग्रांदीची मालकीण सगळ्या पुरुषांना पुरून उरते. पण पुढे 'काप्रिच्चो', 'पाप्रिका', 'मोनेल्ला' असं करत करत आधार म्हणून घेतलेलं साहित्य पातळ होत गेलं आणि कॅमेऱ्याचे ठरलेले हट्ट तेवढे उरले. आरसे, मोजे, सायकलवरची मुलगी, स्त्रीच्या पाठमोऱ्या शरीराकडे पुन्हा पुन्हा जाणारी नजर, आणि मध्येच सिगार ओढत डोकावून जाणारा स्वतः ब्रास. बाईची इच्छा दाखवतो असं तो म्हणत राहिला. पण ती इच्छा बहुतेक वेळा बघणाऱ्या पुरुषाला सोयीची असते, ही स्त्रीवादी समीक्षकांची तक्रार मला पटते.

'पाप्रिका'बद्दल थांबून बोलायलाच हवं. १९९१ चा हा चित्रपट इटलीतल्या परवानाधारक कुंटणखान्यांच्या शेवटच्या दिवसांत घडतो. ही घरं सरकारमान्य होती, तिथल्या बायकांची पोलिसात नोंद असे आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी होई. समाजवादी सिनेटर लीना मेर्लिन यांनी दहा वर्षं लढून ती बंद करणारा कायदा आणला, सप्टेंबर १९५८ मध्ये घरांना टाळं लागलं. मेर्लिन या मूळच्या शिक्षिका, फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला म्हणून नोकरी गमावलेल्या. ब्रासचा चित्रपट त्या घरांकडे हळहळत, हसतखेळत, जुन्या जत्रेकडे पाहावं तसा पाहतो. पडदे, गाणी, रंग सगळं सुंदर आहे. पण त्या नोंदवहीत नाव चढलं की बाईला दुसरं आयुष्य उरत नसे, याचं ओझं त्या सुंदरपणाला पेलवत नाही. हुकूमशाहीवर इतका चिडणारा माणूस इथे इतका सैल कसा झाला, हे मला आजही टोचतं.

या सगळ्या काळात त्याची खरी साथीदार होती बायको कार्ला, जिला सगळे 'तिंता' म्हणत. व्हेनिसच्या प्रसिद्ध हॅरीज बारचे संस्थापक जुझेप्पे चिप्रियानी यांची ती मुलगी. अनेक पटकथांत तिचा हात होता. २००६ मध्ये ती गेली. २००२ चा 'सेन्सो ४५' हा त्यातल्या त्यात उशिराचा बरा प्रयत्न: कामीलो बोइतोची कथा, जिच्यावर व्हिस्कोंतींनी १९५४ मध्ये चित्रपट केला होता, ती ब्रासनं दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या दिवसांत आणून ठेवली. २००९ चा लघुपट 'होटेल कूर्बे' व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला. २०१० मध्ये त्याला मेंदूतल्या रक्तस्रावाचा झटका आला, आणि काम थांबलं.

एप्रिल २०२१ मध्ये इटलीनं चित्रपटांवर बंदी घालण्याचा आणि कापाकापी करायला लावण्याचा सरकारी अधिकार काढून टाकला. १९६३ मध्ये ज्या समितीसमोर ब्रासनं नाव बदलून तोच चित्रपट पुन्हा ठेवला होता, तिच्या हातातली कात्री गेली.

तिसरी कात्री मात्र शाबूत होती. 'पेंटहाउस'च्या साठ्यात 'कॅलिग्युला'ची नव्वदहून जास्त तासांची मूळ रिळं सापडली. टॉमस नेगोव्हान यांनी ती तपासून, गुच्चोनेंनी घुसवलेलं सगळं बाजूला ठेवून, जवळजवळ तीन तासांचा नवा चित्रपट जोडला आणि मे २०२३ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. मॅकडॉवेल आणि मिरेन यांचा अभिनय अखेर नीट दिसला, असं अनेकांनी म्हटलं. ब्रास तेव्हा नव्वद वर्षांचा होता. ती रिळं आपल्यालाच जोडू द्यावीत म्हणून त्यानं बोलणी केली होती आणि ती फिसकटली होती. त्यानं जाहीर केलं की या आवृत्तीत आपला सहभाग नाही आणि हा आपला चित्रपट नव्हे.